ओझें वाढलें तर चक्र कोणतें ?

मुंबईच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या घरची घंटा वाजते आणि दारांत उभा असलेला तरुण पाठीवरच्या अवजड पिशवींतून एक पुडकें काढून आपल्या हातीं देतो. हें पुडकें कोठून निघालें, याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. पुष्कळदां तें भिवंडी तालुक्यांतील वळ या गांवाहून, नाहीं तर त्याच्या आसपासच्या पूर्णा, दापोडें, माणकोली या गांवांहून आलेलें असतें. अंजूरफाट्यापासून माणकोलीपर्यंतच्या या पट्ट्यांत गुदामांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. चारी दिशांकडून आलेला माल तेथें उतरतो, निवडला जातो आणि पुन्हा वाटेला लागतो. मोठा माल ट्रकांत चढतो. पण गल्लीबोळांतला शेवटचा टप्पा फार करून मोटारसायकलवरच पुरा होतो.

ही मोटारसायकल मात्र एक माणूस, फार तर दोन माणसें वाहून नेण्याच्या बेतानें घडविलेली असते. तिच्यावर रोज पन्नास-साठ किलोंचा माल चढूं लागला, कीं मालकाची तक्रार सुरू होते : "गाडी ओढत नाहीं." त्यावर गॅरेजमध्यें हमखास मिळणारें उत्तर असें कीं, "पुढलें स्प्रॉकेट एका दांत्यानें कमी करून घ्या." हा सल्ला कितपत खरा, कोणाला लागू आणि कोणाला गैरलागू, आणि त्याची किंमत कोणत्या रूपानें द्यावी लागते, हें आज आपण पाहूं. प्रश्न दिसतो लहान. पण ज्याच्या संसाराचा भार या दोन चाकांवर आहे, त्याच्या महिन्याच्या खर्चाचा आणि क्वचित् प्रसंगीं जिवाचाही तो प्रश्न आहे.

इंजिनांत निर्माण झालेली शक्ति क्लचमधून गिअरपेटींत येते. गिअरपेटींतून बाहेर निघालेल्या दांड्यावर एक लहान दांतेरी चक्र असतें. मागच्या चाकाला दुसरें, मोठें चक्र जोडलेलें असतें. आणि या दोहोंना एक सांखळी सांधते. या दोन चक्रांनाच कारागीर स्प्रॉकेट म्हणतात. सांखळीची आजची बनावट, म्हणजे प्रत्येक खिळीभोंवतीं फिरती नळी असलेली, ही मँचेस्टर येथें स्थायिक झालेले मूळचे स्विस कारागीर हान्स रेनॉल्ड यांची. १८८० सालीं त्यांनीं तिचें पेटंट घेतलें. सायकलीनें ती उचलली, आणि सायकलीकडून ती मोटारसायकलीकडे आली.

समजा, पुढल्या चक्राला १४ दांते आहेत आणि मागल्याला ४२. दर दांत्यामागें सांखळीची एक कडी पुढें सरकते. म्हणून मागलें चाक एकदां पुरें फिरावयास पुढलें चक्र ४२ भागिलें १४, म्हणजे ३ वेळां फिरावें लागतें. आतां पुढला एक दांता कमी केला, तर ४२ भागिलें १३, म्हणजे सुमारें ३.२३ फेरे लागतील. चाकाच्या एका फेऱ्यासाठीं इंजिनानें थोडे अधिक फेरे घेतले. त्या बदल्यांत चाकावर पडणारा जोर शेंकडा ७.७ नें वाढला. पुढलें चक्र १४ दांत्यांचेंच ठेवून मागचें ४२ चें ४५ केलें, तरी प्रमाण ३.२१ येतें. यावरून एक सोपी खूण लक्षांत ठेवावी. या मापाच्या गाडीवर पुढें एक दांता कमी करणें हें मागें तीन दांते वाढविण्याच्या जवळजवळ बरोबरीचें आहे, आणि दोहोंचा परिणाम एकाच दिशेचा आहे.

भिवंडीच्या माणसाला ही युक्ति नवी नाहीं. यंत्रमागावर कापडाच्या एका इंचांत किती आडवे धागे बसावेत, हें मागाचें एक दांतेरी चक्र बदलूनच ठरवितात. वीण घट्ट हवी असेल तर कापड सावकाश पुढें सरकेल असें चक्र घालतात. माग तोच, वीज तीच, मागाची गतीही तीच. कापड अधिक भरींव निघतें, पण दिवसाकाठीं कमी निघतें. एक हवें तर दुसरें थोडें सोडावें लागतें.

मोटारसायकलचाही व्यवहार असाच आहे. चक्र बदलल्यानें इंजिनाची शक्ति गुंजभरही वाढत नाहीं. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या, तर हातांत कागद अधिक येतात, पैसे अधिक येत नाहींत. येथें वेग मोडून जोर घेतलेला असतो. इंजिनाच्या ज्या फेऱ्यांना गाडी पूर्वीं ताशीं ५० किलोमीटर जात होती, त्याच फेऱ्यांना आतां ती ४६ च्या किंचित् वर जाईल. ५० चाच वेग राखावयाचा तर मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या ठिकाणीं सुमारें ५४०० फेरे द्यावे लागतील. लांबच्या सपाट रस्त्यावर दिवसच्या दिवस असें चाललें, म्हणजे आवाज वाढतो, हाताला मुंग्या येतात आणि पेट्रोलचा खर्चही वाढतो.

ओझें पाहून चक्र ठरविण्याची रीत जुनी आहे. १८९४ सालीं जर्मनींत विक्रीस निघालेल्या हिल्डेब्रांड व वुल्फम्युलर यांच्या गाडींत इंजिनाचे दांडे सरळ मागच्या चाकालाच जोडलेले होते. तेथें दांत्यांच्या हिशेबाला वावच नव्हता. पुढें सांखळी आली आणि गाडीच्या बाजूला साइडकार जोडण्याची पद्धत पडली. तेव्हां ब्रिटिश कारखाने एकाच गाडीसाठीं दोन निरनिराळीं चक्रें सुचवूं लागले, एक एकट्या स्वारासाठीं आणि दुसरें साइडकारसाठीं. साइडकारसाठींचें इंजिनाकडचें चक्र कांहीं दांत्यांनीं लहान असे. गॅरेजमधल्या सल्ल्यामागें असा दीर्घ अनुभव उभा आहे, हें मान्य केलें पाहिजे.

मग एक दांता कमी केला म्हणजे ओझ्याचा प्रश्न सुटला काय ? येथें थोडें गणित करावें लागेल. गाडी ११० किलोंची आणि स्वार ६५ किलोंचा धरला, तर एकूण १७५ किलो होतात. त्यावर ६० किलो माल ठेवला, कीं २३५. वीस फुटांमागें एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर नुसता चढ चढण्यासाठीं लागणारा जोर वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका असतो. म्हणजे पूर्वीं पावणेनऊ किलोंचा जोर लागे, तो आतां पावणेबारा किलोंचा लागेल. गरज वाढली एक-तृतीयांशानें. आणि एका दांत्यानें हातीं आलें शेंकडा आठाच्याही आंत. ही तूट कोण भरून काढणार ?

ती भरून काढते गिअरपेटी. चार गिअरांच्या लहान गाडीवर चौथ्यावरून तिसऱ्या गिअरवर आलें, कीं जोरांत पडणारा फरक चक्राच्या एका दांत्याच्या तिप्पट-चौपट असतो; त्याच्या खालच्या गिअरांत तो याहूनही मोठा असतो. म्हणून चौथ्या गिअरमध्यें गाडी कुंथूं लागली, तर पहिला उपाय गॅरेज हा नव्हे. डाव्या पायानें तिसरा गिअर घालावा, हा पहिला उपाय. आणि त्याला एक पैसाही पडत नाहीं. भरल्या ओझ्यानें वरच्या गिअरचा हट्ट धरणें आणि मग यंत्राला दोष देणें, हा प्रकार फार आढळतो.

परंतु पहिल्या गिअरची गोष्ट वेगळी आहे, आणि या सगळ्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. चौथ्याच्या खालीं तिसरा आहे, तिसऱ्याच्या खालीं दुसरा आहे. पहिल्याच्या खालीं कांहीं नाहीं. उभी गाडी ओझ्यासह हलवितांना पहिल्या गिअरचा जोर अपुरा पडला, तर स्वार नकळत क्लच अर्धा धरून इंजिनाचे फेरे वाढवितो. क्लचच्या पट्ट्या एकमेकींवर घसरतात, तापतात आणि कालांतरानें जळतात. चक्राचा एक दांता कमी केल्याचा खरा लाभ या क्षणीं मिळतो. गाडी लवकर सुटते, क्लच लवकर पुरा सोडतां येतो आणि पट्ट्यांचें आयुष्य वाढतें.

ही गोष्ट ध्यानांत आली, म्हणजे वळहून निघणाऱ्या दोन वाटांचा निवाडा करणें सोपें होतें. एक स्वार कशेळीच्या पुलावरून ठाण्याकडे जातो असें समजूं. खाडीकांठचा हा प्रदेश बहुतेक सपाट. पण वाटेवर ट्रकांची दाटी, चौकाचौकांत थांबा, आणि शहरांत शिरल्यावर दर इमारतीपाशीं उतरणें व पुन्हा निघणें. दिवसाकाठीं शेंकडों वेळां गाडी उभी राहते आणि शेंकडों वेळां निघते. वेग ताशीं चाळीसच्या वर क्वचित् जातो. दुसरा स्वार पडघा, शहापूर असा नाशिकच्या रस्त्यानें कसाऱ्याचा घाट चढून जातो. याच घाटांत कसारा ते इगतपुरी या लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे, आणि आगगाडीला तेथें मागून जादा इंजिनें लावून वर ढकलावें लागतें.

लहान चक्राची गरज यांपैकीं कोणाला अधिक ? प्रथम मनांत येतें, घाट चढणाऱ्याला. पण हिशेब उलटा निघतो. घाटाच्या पायथ्यापर्यंतचा त्याचा लांब पल्ला मोकळ्या महामार्गाचा आहे. तेथें लहान चक्र त्याचें इंजिन उगाच अधिक फिरवील. आणि घाट लागला, कीं तो तिसरा किंवा दुसरा गिअर घालून निमूटपणें वर जाऊं शकतो. आगगाडीला जादा इंजिन बाहेरून आणावें लागतें. दुचाकीच्या पोटांत ती सोय गिअरांच्या रूपानें आधींच आहे. ठाण्याच्या स्वाराला मात्र पहिल्या गिअरशींच दिवसभर गांठ आहे, आणि जो वेग लहान चक्रामुळें गमावला जातो, तो त्याच्या कधीं वापरांतच नव्हता. म्हणून घाटवाल्यापेक्षां थांबत-थांबत जाणाऱ्याला हा बदल अधिक मानवतो. घाटवाल्याची गाडी भर चढावर थांबून पुन्हा निघतांना पहिल्या गिअरमध्येंही सुटत नसेल, तर मात्र त्यानेंही विचार करावा. आणि पहिला विचार ओझें कमी करण्याचा करावा.

बदल करावयाचाच ठरला, तर पुढलें चक्र लहान करावें कीं मागलें मोठें ? पुढलें चक्र स्वस्त पडतें आणि बदलावयास सोपें असतें. पण लहान चक्राभोंवतीं सांखळीला अधिक तीव्र वळण घ्यावें लागतें आणि तिच्यावरचा ताणही वाढतो. त्यामुळें सांखळी आणि चक्र दोन्ही लवकर झिजतात. शिवाय चक्र फार लहान केलें, तर मागचें चाक धरणाऱ्या बाहूला, ज्याला स्विंगआर्म म्हणतात त्याला, सांखळी घासूं लागण्याचा संभव असतो. मागलें चक्र मोठें केल्यास सांखळीवरचा ताण न वाढतां चाकावरचा जोर वाढतो. मात्र खर्च अधिक, आणि सांखळीची लांबीही पाहावी लागते. पुष्कळ लहान गाड्यांच्या सांखळीची एक कडी अर्ध्या इंचाची असते. मागें तीन दांते वाढले, कीं सांखळी दीड कडीनें अपुरी पडते आणि मागचें चाक सुमारें साडेनऊ मिलिमीटर पुढें घ्यावें लागतें. सरकविण्याच्या खाचेंत तेवढी जागा नसेल, तर लांब सांखळी घेणें भाग आहे. पुढें एकच दांता कमी केला, तर चाक जेमतेम तीन मिलिमीटर मागें सरकवून काम भागतें.

कोणताही मार्ग पत्करला, तरी तीन पथ्यें पाळावींत. पहिलें पथ्य असें कीं, पुढें एकाहून अधिक दांता एकदम कमी करूं नये. दुसरें असें कीं, ताणलेल्या जुन्या सांखळीवर नवें चक्र बसवूं नये, कारण ती नव्याचे दांते थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. दोन्ही चक्रें आणि सांखळी एकत्र बदलणेंच अखेर स्वस्त पडतें. आणि तिसरें असें कीं, सांखळी रिकाम्या गाडीवर ताठ बसवूं नये. ओझें बसून मागचा भाग दबला, कीं ती आपोआप अधिक ताणली जाते. म्हणून पुस्तिकेंत सांगितलेली ढील ठेवलीच पाहिजे. वेग दाखविणारा कांटा पुढच्या चाकावरून चालत असेल, तर चक्र बदलल्यानें त्यांत फरक पडत नाहीं. गिअरपेटीवरून चालत असेल, तर लहान चक्रानंतर तो खऱ्याहून अधिक वेग दाखवील. नव्या गाडीची हमी चालू असल्यास विक्रेत्याला आधीं विचारणें शहाणपणाचें.

"गाडी ओढत नाहीं" या तक्रारीचें मूळ पुष्कळदां चक्रांत नसतेंच. मागच्या टायरांत हवा कमी असते. ब्रेक सुटल्यावरही चाकाला धरून राहतो. हवेची गाळणी गुदामांच्या रस्त्यावरील धुळीनें तुंबलेली असते. सांखळी तेलावांचून कोरडी पडलेली असते. अगर क्लचच्या पट्ट्या झिजून घसरूं लागलेल्या असतात. गाडी मधल्या आधारावर उभी करून, गिअर काढून, मागचें चाक हातानें फिरवून पाहावें. तें मोकळेपणानें फिरत नसेल, तर दोष तेथेंच आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, असें होत असेल तर क्लच तपासावा. असल्या दोषांवर चक्र बदलणें म्हणजे दुखणें एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

आतां जी गोष्ट कोणतेंही चक्र करूं शकत नाहीं, तिच्याकडे वळूं. चक्र ओझें हलवितें, थांबवीत नाहीं. १७५ किलोंच्या जागीं २३५ किलो त्याच वेगावरून थांबवावयाचे, म्हणजे ब्रेकला एक-तृतीयांश काम अधिक करावें लागतें. प्रमाण वाढल्यानें उतारावर इंजिनाचा अटकाव किंचित् वाढतो, पण तेवढ्यावर विसंबतां येत नाहीं. कसाऱ्याचा घाट उतरतांना ब्रेक सारखा दाबून धरला, तर तो तापून त्याची पकड कमी होते. म्हणून ज्या गिअरमध्यें चढलों त्याच गिअरमध्यें उतरावें, हा जुन्या चालकांचा नियम दुचाकीलाही लागू आहे. धोका येथेंच आहे. ओढ सुधारली, कीं स्वाराला वाटतें गाडी ओझ्याला पुरी पडली, आणि तो आणखी दहा किलो चढवितो. ओढ वाढली तरी ब्रेक, टायर, स्प्रिंगा आणि सांगाडा पूर्वींचेच राहिलेले असतात.

यासाठीं गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत स्वारासह किती वजन चालेल, हा जो आंकडा दिलेला असतो, तो चक्र बदलल्यानंतरही तोच राहतो. दुधाचे ४० लिटरचे दोन कॅन भरून लावले, तर नुसत्या दुधाचेंच वजन ८२ किलोंच्या आसपास होतें. त्यांत कॅन आणि स्वार मिळविले, म्हणजे लहान गाडीची मर्यादा ओलांडली जाते. आंकड्याच्या आंत राहूनही ओझें कोठें ठेवलें याला महत्त्व आहे. तें जितकें खालीं आणि दोन चाकांच्या जितकें मधोमध, तितकी गाडी ताब्यांत राहते. मागच्या चाकाच्याही मागें लोंबणारें खोकें पुढचें चाक हलकें करतें, आणि मग वळणावर हँडल ऐकत नाहीं. पाठीवरची उंच पिशवी तोल वर नेते. दूधवाले कॅन दोन बाजूंना खालीं अडकवितात, त्यांत हेंच शहाणपण आहे. ओझ्याप्रमाणें टायरांतील हवा पुस्तिकेनुसार वाढवावी, आणि मागच्या स्प्रिंगांना घट्ट-सैल करण्याची सोय असेल तर त्या एखाद-दुसऱ्या खाचेनें कसाव्यात.

ज्या स्कूटरींत सांखळीऐवजीं पट्टा असतो, त्यांना दांत्यांचा हा हिशेब लागू पडत नाहीं. तेथें वेग आणि जोर यांचें प्रमाण पट्टा आपणच बदलीत असतो. तत्त्व मात्र तेंच राहतें. जेथें जोर वाढला, तेथें वेग कमी झालाच पाहिजे.

तात्पर्य असें कीं, ओझें वाढलें म्हणजे आधीं गाडी निर्दोष आहे कीं नाहीं तें पाहावें. मग गिअर योग्य घालतों कीं नाहीं तें पाहावें. आणि एवढें करूनही पहिल्या गिअरमध्यें गाडी सुटण्यास कष्ट पडत असतील, आणि आपला रस्ता थांबत-थांबत जाण्याचा असेल, तर पुढला एक दांता कमी करावा. त्याच्याहीपुढें ओझें वाढत असेल, तर गॅरेजजवळ त्याचें उत्तर नाहीं. तें माल भरून देणाऱ्याजवळ आहे. दोन फेऱ्यांचा माल एका फेरींत नेऊन वाचलेले पैसे क्लचच्या पट्ट्यांत, सांखळींत आणि टायरांत निघून जातात, आणि घाटाच्या उतारावर त्यांचा हिशेब याहून फार कठोरपणें होऊं शकतो. म्हणून माल चढवितांनाच तो तराजूवर घालावा, आणि पुस्तिकेंतला आंकडा भरला, कीं उरलेला माल दुसऱ्या फेरीला ठेवावा.